घोट्याच्या सांध्यावरील शस्त्रक्रिया : कूर्चा व अस्थी यांच्या इजांवरील उपचारांचा इतिहास

घोट्याच्या सांध्यातील हाडांच्या पृष्ठावर असलेले कूर्चेचे (उपास्थीचे) आवरण व त्याखालील हाड यांना झालेली इजा दुरुस्त करण्यासाठी, किंवा तिचे वेदनादायक परिणाम टाळण्यासाठी, निरनिराळ्या काळी निरनिराळ्या शस्त्रक्रिया योजण्यात आल्या. आज रुग्णापुढे हे पर्याय मांडताना सुटा तुकडा काढून टाकणे, हाडाला छिद्रे पाडणे, कूर्चेचे प्रतिरोपण करणे, आणि यांपैकी काहीच साधले नाही तर सांधा कायमचा जुळवून टाकणे किंवा कृत्रिम सांधा बसविणे, असा सौम्याकडून तीव्राकडे जाणारा क्रम पाळला जातो. इतिहासात मात्र हा क्रम बव्हंशी उलटा होता. पाय कापणे हा पहिला उपाय होता. सांधा जुळवून टाकणे त्यानंतर आले आणि सांधा वाचविण्याचे उपाय सर्वांत शेवटी हाती आले. सांध्याच्या आत काय घडते हे जसजसे दिसू लागले, तसतशी शस्त्रक्रिया लहान होत गेली. तथापि कूर्चा स्वतःहून पूर्ववत भरून येत नाही ही मूळ अडचण अद्याप पूर्णपणे दूर झालेली नाही.

रचना व इजेचे स्वरूप : हा सांधा तीन हाडांचा बनलेला असतो. अंतर्जंघास्थी (नडगीचे हाड) व बहिर्जंघास्थी (तिच्या बाहेरील बाजूचे बारीक हाड) यांच्या खालच्या टोकांची मिळून एक चौकटीसारखी खोबण तयार होते व तीत टॅलस या हाडाचा घुमटाकार भाग बसतो. उभे राहिले असता शरीराचा भार नडगीकडून टॅलसवर व तेथून टाच व पाऊल यांकडे जातो. टॅलसला एकही स्नायू चिकटलेला नसतो व त्याचा निम्म्याहून अधिक पृष्ठभाग कूर्चेने आच्छादलेला असतो. त्यामुळे रक्तवाहिन्यांना हाडात शिरण्यास फार थोडी जागा उरते.

घोट्यातील कूर्चेची जाडी साधारणपणे १ ते १·६ मिमी. असते. गुडघ्यातील कूर्चा याहून जाड असते. कूर्चेत रक्तवाहिन्या, लसीकावाहिन्या व तंत्रिका नसतात आणि तिचे पोषण मुख्यत्वे संधिद्रवातून होते. इतर ऊतकांना जखम झाली की रक्त साकळते, त्या गाठीत नव्या कोशिका शिरतात व जखम भरून येते. कूर्चेच्या बाबतीत या क्रियेचा आरंभच होत नाही. कूर्चेला संवेदना नसल्याने वेदना होते ती तिच्याखालील हाडात. पाय जोराने मुरगळला असता टॅलसची कड नडगीच्या किंवा बहिर्जंघास्थीच्या पृष्ठावर आपटते व कूर्चेसह हाडाचा लहानसा तुकडा दबतो किंवा निखळतो. या भेगेतून संधिद्रव दाबाने हाडात शिरून तेथे पोकळी निर्माण होत असावी, असे मानतात. मुरगळलेला घोटा बरा झाल्यावरही काही रुग्णांना महिनोन् महिने खोलवर दुखत राहते, सूज येते व सांधा अडकल्यासारखा वाटतो. यामागे पुष्कळदा अशी इजा असते.

आरंभीचा काळ : एडिंबरो येथील शारीरविज्ञ अलेक्झांडर मन्रो यांनी १७३८ मध्ये घोट्याच्या सांध्यात आढळलेल्या सुट्या कूर्चामय तुकड्यांची नोंद केली. ही अशा प्रकारची पहिली नोंद मानली जाते. त्यानंतर ५ वर्षांनी, १७४३ मध्ये, विल्यम हंटर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांध्यातील कूर्चेची रचना व तिचे रोग यांवरील निबंध सादर केला. एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, असा त्यातील निष्कर्ष होता. पुढील सुमारे अडीचशे वर्षांतील या क्षेत्रातील बहुतेक प्रयत्न या निष्कर्षाला दिलेली उत्तरेच होत.

त्या काळी शल्यचिकित्सकांच्या हाती फारसे काही नव्हते. सांधा उघडला की पू होऊन रुग्ण दगावण्याची भीती असे. म्हणून घोट्याच्या उघड्या जखमा व हाडांचा क्षय यांवर गुडघ्याखाली पाय कापणे हाच उपाय होता. स्कॉटलंडमधील जेम्स साइम यांनी पाऊल घोट्याच्या सांध्यातून विलग करून उरलेले टोक टाचेच्या जाड त्वचेने झाकण्याची पद्धत १८४३ मध्ये प्रसिद्ध केली. रुग्णाला उरलेल्या पायावर भार देता येऊ लागला, हा या पद्धतीचा मोठा लाभ होता. पुढे १८४६ मध्ये ईथराच्या साहाय्याने संवेदनाहरण व १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांची जंतुनाशक पद्धती यांचा अवलंब सुरू झाला व सांधा उघडणे शक्य झाले.

संधिस्थिरीकरण : सांध्याच्या दोन्ही बाजूंची कूर्चा खरवडून काढून हाडे एकमेकांशी कायमची जुळविणे याला संधिस्थिरीकरण म्हणतात. ऑस्ट्रियातील शल्यचिकित्सक एडुआर्ट आल्बर्ट यांनी १८७९ मध्ये घोट्याच्या स्थिरीकरणाचे वर्णन केले. पक्षाघाताने लुळा पडलेला पाय उभे राहण्यास उपयोगी पडावा, हा त्यांचा हेतू होता. पुढे क्षयरोग, जुने अस्थिभंग व झिजलेले सांधे यांसाठीही ही शस्त्रक्रिया रूढ झाली. हाडे न जुळणे हा तिच्यातील मुख्य दोष होता. इंग्लंडमधील जॉन चार्नली यांनी १९५१ मध्ये हाडांतून आरपार घातलेल्या सळया बाहेरून शिकंज्याने आवळून हाडांवर दाब देण्याची पद्धत मांडली. दाबामुळे हाडांची पृष्ठे एकमेकांस घट्ट भिडून राहतात, हे तत्त्व पुढे शरीरात बसविलेल्या स्क्रूंच्या साहाय्याने अमलात येऊ लागले. १९८३ मध्ये ही शस्त्रक्रिया संधिदर्शकाच्या साहाय्याने लहान छेदांतून करता येते, हे दाखविण्यात आले.

स्थिरीकरणाने वेदना थांबते व रुग्ण चालू शकतो. मात्र घोट्याची वरखाली होणारी हालचाल जाते व तिचा ताण शेजारच्या सांध्यांवर पडून कालांतराने तेही झिजू शकतात. भारतासारख्या देशात उकिडवे बसणे, शेतात वाकून काम करणे, चढ चढणे या नित्याच्या क्रिया आहेत आणि त्यांसाठी पाऊल वरच्या बाजूस पुरेसे वाकावे लागते. त्यामुळे येथे या हानीची झळ अधिक जाणवते. पंचवीस-तीस वर्षांच्या रुग्णाचा सांधा असा बंद करणे टाळता येईल काय, या प्रश्नातूनच पुढील सर्व पर्यायांचा शोध झाला.

रोगाच्या नावाचा वाद : जर्मन शल्यचिकित्सक फ्रान्झ क्योनिग यांनी १८८७ मध्ये सांध्यांतील सुट्या तुकड्यांवर लेख लिहिला. काही रुग्णांमध्ये तुकडा सुटण्याजोगी मोठी इजा झाल्याचे आढळत नव्हते. म्हणून हाड व कूर्चा यांच्या दाहामुळे तो विलग होत असावा, असा तर्क करून त्यांनी या विकृतीला ऑस्टिओकाँड्रायटिस डिसेकान्स हे नाव दिले. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यावर अशा जागा जिवंत माणसाच्या सांध्यात दिसू लागल्या. १९२२ मध्ये माक्स काप्पिस यांनी घोट्यातील विकृती गुडघ्यातील विकृतीसारखीच असल्याचे नमूद करून तिलाही तेच नाव दिले. वस्तुतः तेथे दाहाची लक्षणे सापडत नव्हती. तरीही हे नाव टिकून राहिले व इजेचा विचार मागे पडला.

१९५९ मध्ये अमेरिकेतील ए. एल्. बर्न्ट व मायकेल हार्टी यांनी शरीरापासून विलग केलेल्या पायांवर प्रयोग करून पाय विशिष्ट रीतीने मुरगळला असता टॅलसवर तशाच जखमा निर्माण करता येतात, हे दाखविले. पाऊल वर वाकलेले असताना आत मुरगळल्यास टॅलसच्या बाहेरील कडेला इजा होते. पाऊल खाली झुकलेले असताना मुरगळून नडगी बाहेर वळल्यास आतील कडेला इजा होते. त्यांनी इजेच्या चार अवस्था ठरविल्या. पहिल्या अवस्थेत हाड दबलेले असते, दुसऱ्या अवस्थेत तुकडा अंशतः सुटलेला असतो, तिसऱ्या अवस्थेत तो पूर्ण सुटूनही जागेवर असतो आणि चौथ्या अवस्थेत तो जागेवरून सरकलेला असतो. विकृती ही दाह नसून अस्थिभंग आहे असे ठरताच उपचारांचा विचारही बदलला. जागेवर असलेला तुकडा प्लास्टरने जुळण्याची आशा धरता येते, पण सरकलेल्या तुकड्यास रक्तपुरवठा नसल्याने शस्त्रक्रिया करावी लागते. १९८० मध्ये एस्. टी. कॅनेल व आर्. एच्. बेल्डिंग यांनी या अवस्थांनुसार उपचार कसे निवडावेत याचे विवेचन केले. आतील बाजूच्या काही इजांमध्ये पूर्वीच्या आघाताचा इतिहास सापडत नाही. त्यामुळे आज केवळ कूर्चा-अस्थि-इजा असे कारणनिरपेक्ष नाव अधिक वापरले जाते.

टॅलसचे अस्थिभंग : लहान तुकड्यांच्या इजांबरोबरच संपूर्ण टॅलस मोडण्याचा प्रश्नही याच काळात पुढे आला. पहिल्या महायुद्धात विमान कोसळताना वैमानिकांच्या पायांना होणाऱ्या या अस्थिभंगांचे वर्णन हेन्री ग्रॅहम अँडरसन यांनी १९१९ मध्ये केले. हा अस्थिभंग पुढे वैमानिकांच्या नावानेच ओळखला जाऊ लागला. १९७० मध्ये लेलँड हॉकिन्स यांनी टॅलसच्या मानेच्या अस्थिभंगांचे वर्गीकरण मांडले. हाडाचे भाग जागेवरून जितके अधिक सरकतात तितक्या अधिक रक्तवाहिन्या तुटतात व हाडाचा मृत्यू (अस्थिमृतता) होण्याचा धोका तितका वाढतो, हे त्यांच्या वर्गीकरणाचे सार आहे. असे हाड भाराखाली खचते व वरील कूर्चाही नष्ट होते. म्हणून हे अस्थिभंग अचूकपणे जुळवून स्क्रूंनी पक्के बसवितात [→ अस्थिभंग].

संधिदर्शन : टॅलसच्या घुमटापर्यंत पोहोचण्यासाठी पूर्वी सांधा मोठ्या छेदाने उघडावा लागे. आतील बाजूची इजा गाठण्यासाठी तर घोट्याचे आतील उंचवट्याचे हाड करवतून बाजूला करावे लागे व नंतर ते पुन्हा स्क्रूने बसवावे लागे. या अडचणीवर जपानमध्ये उत्तर सापडले. टोकिओ येथील केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशयात पाहण्याच्या उपकरणाने मृत व्यक्तीच्या गुडघ्याच्या आत पाहिले. न्यूयॉर्क येथील मायकेल बर्मन यांनी १९३१ मध्ये अनेक सांधे या पद्धतीने तपासले. त्यांच्या मते घोट्याचा सांधा इतका अरुंद होता की, तो या तपासणीस योग्यच नव्हता. ताकागी यांनी मात्र १९३९ मध्ये घोट्याच्या संधिदर्शनाची पद्धत वर्णिली आणि त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी बारीक संधिदर्शक वापरून केलेल्या घोट्याच्या २८ तपासण्यांचा वृत्तांत १९७२ मध्ये दिला. १९८० नंतर पाऊल खाली ओढून सांध्यातील फट रुंदावण्याच्या युक्त्या प्रचारात आल्या. २००० मध्ये नेदर्लंड्समधील सी. एन्. फान डाइक व त्यांच्या सहकाऱ्यांनी घोट्याच्या मागील बाजूने, टाचेच्या कंडरेच्या दोन्ही अंगांना लहान छेद घेऊन आत जाण्याची सुरक्षित पद्धत मांडली.

याच सुमारास प्रतिमादर्शनाची साधनेही बदलली. सीटी स्कॅनमुळे हाडातील पोकळीचा आकार कळू लागला, तर एमआरआयमुळे क्ष-किरणचित्रात न दिसणाऱ्या इजाही दिसू लागल्या. बर्न्ट-हार्टी यांच्या चार अवस्थांत कूर्चेखालील पोकळीचा समावेश नव्हता. १९८९ ते १९९३ या काळात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी तिची भर घातली.

मज्जा-उद्दीपन : नुसता सुटा तुकडा काढून टाकल्याने वेदना तात्पुरती कमी होई, पण खड्डा तसाच राही. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील केनेथ प्रिडी यांनी १९५९ मध्ये झिजलेल्या गुडघ्यातील उघड्या हाडाला गिरमिटाने छिद्रे पाडण्याची पद्धत मांडली. छिद्रांतून अस्थिमज्जेतील रक्त बाहेर येते व साकळते. त्यातील मूलकोशिकांपासून नवे ऊतक तयार होऊन खड्डा भरतो. हंटर यांच्या निष्कर्षाला दिलेले हे पहिले व्यवहार्य उत्तर होय. जखम भरण्यासाठी आवश्यक असलेले रक्त कूर्चेत नसेल, तर ते हाडातून आणावे हे त्यामागील सूत्र आहे. १९८०–९० या दशकात अमेरिकेतील रिचर्ड स्टेडमन यांनी गिरमिटाऐवजी टोकदार हत्याराने ३-४ मिमी. अंतरावर बारीक छिद्रे पाडण्याची पद्धत विकसित केली. गिरमिटाने उत्पन्न होणारी उष्णता तीत टळते. घोट्यासाठी या दोन्ही पद्धती संधिदर्शकातून वापरता येतात.

या उपायाचे महत्त्व २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नेदर्लंड्समधील समीक्षेवरून ध्यानात येते. तीत अनेक अभ्यास एकत्र केले असता नुसता तुकडा काढण्याने सु. ३८%, तुकडा काढून खड्डा खरवडल्याने सु. ७८% आणि त्यानंतर छिद्रेही पाडल्याने सु. ८५% रुग्णांना चांगला गुण आल्याचे आढळले. मात्र खड्ड्यात तयार होते ती मूळची काचाभ कूर्चा नसून तंतुमय कूर्चा असते. ती झीज व दाब कमी सहन करते, म्हणून मोठ्या खड्ड्यांत हा उपाय टिकत नाही. २००९ मध्ये कोरियातील एका अभ्यासाने १५० चौ. मिमी. ही मर्यादा सुचविली. २०१७ मधील एका समीक्षेने ती आणखी खाली, सु. १०७ चौ. मिमी.पर्यंत आणली.

प्रतिरोपण : मोठ्या खड्ड्यांसाठी खरी कूर्चाच आणून बसविण्याचा विचार पुढे आला. जर्मन शल्यचिकित्सक एरिख लेक्सर यांनी १९०८ मध्येच दुसऱ्याच्या शरीरातील संपूर्ण सांध्याचे प्रतिरोपण करण्याचा प्रयत्न केला होता. हंगेरीतील लास्लो हांगोडी यांनी रुग्णाच्याच गुडघ्याच्या कमी भार पडणाऱ्या कडेतून हाड व कूर्चा यांच्या लहान दंडगोलाकार गुट्या काढून त्या खड्ड्यात शेजारी शेजारी बसविण्याची पद्धत १९९२ पासून गुडघ्यात वापरली. फरशीच्या तुकड्यांच्या नक्षीवरून तिला मोझॅइकप्लास्टी म्हणतात. तिचा टॅलसवरील उपयोग त्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. या पद्धतीत खऱ्या काचाभ कूर्चेने खड्डा भरतो, पण त्यासाठी निरोगी गुडघ्याला जखम करावी लागते व काही रुग्णांचा गुडघा पुढे दुखू लागतो. शिवाय गुडघ्यातील कूर्चा घोट्यातील कूर्चेहून जाड असते व तिची वक्रताही वेगळी असते. त्यामुळे गुट्या अचूक पातळीवर बसविणे कौशल्याचे असते. फारच मोठी हानी झाली असेल तर मृत दात्याच्या टॅलसचा नेमका तोच भाग ताजा काढून बसवितात. २००१ मध्ये कॅनडातील शल्यचिकित्सकांनी अशा ९ रुग्णांचा वृत्तांत दिला. जेथे अवयवदान व ऊतकपेढ्या यांची व्यवस्था पक्की आहे, तेथेच हा उपाय शक्य होतो.

कोशिका-प्रतिरोपण : स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील माट्स ब्रिटबर्ग, लार्स पीटरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये गुडघ्याच्या २३ रुग्णांवरील नव्या पद्धतीचे वर्णन केले. रुग्णाच्या कूर्चेचा लहान नमुना काढून त्यातील कोशिका प्रयोगशाळेत वाढवितात व दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्या खड्ड्यात सोडून वर पर्यास्थिकलेचा (हाडावरील पातळ आवरणाचा) तुकडा शिवतात. इटलीतील बोलोन्या येथील सांद्रो जान्नीनी यांनी २००१ मध्ये टॅलससाठी तिचा उपयोग प्रसिद्ध केला. पुढे शिवणकाम टाळण्यासाठी कोशिका सच्छिद्र आधारपटलावर वाढवून संधिदर्शकातून बसविण्यात येऊ लागल्या. दोन शस्त्रक्रिया व प्रयोगशाळेचा मोठा खर्च ही या पद्धतीची अडचण आहे. म्हणून जान्नीनी यांच्याच गटाने २००९ मध्ये कमरेच्या हाडातील मज्जा-कोशिका एकाच शस्त्रक्रियेत आधारपटलासह बसविण्याची पद्धत मांडली. छिद्रे पाडून त्यांवर कोलॅजनाचे पटल बसविण्याची सुलभ पद्धतही प्रचारात आहे. या नव्या पद्धती जुन्या मज्जा-उद्दीपनाहून नक्की सरस आहेत, असे मात्र निःसंशय सिद्ध झालेले नाही.

जीर्ण सांधा : उपचार न झालेली वा न साधलेली इजा अखेरीस संपूर्ण सांध्याच्या झिजेकडे नेऊ शकते. नितंब व गुडघा यांची झीज बहुधा वयोमानाने होते, तर घोट्याची झीज मुख्यतः पूर्वीच्या इजेमुळे होते. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६३९ घोट्यांच्या अभ्यासात ७०% सांध्यांची झीज इजेनंतरची होती. त्यामुळे हे रुग्ण तुलनेने तरुण असतात. सांधा तिरपा झिजला असेल, तर नडगीचे हाड सांध्याच्या वर कापून त्याची दिशा बदलतात व भार निरोगी बाजूकडे वळवितात. जपानमधील योशिनोरी ताकाकुरा यांनी १९९५ मध्ये या शस्त्रक्रियेचे परिणाम प्रसिद्ध केले. त्याच वर्षी नेदर्लंड्समधील उत्रेख्त येथील गटाने इलिझारोव्ह यांच्या कड्यांच्या चौकटीने सांध्याची हाडे सु. तीन महिने काही मिमी. दूर ठेवून कूर्चेला विश्रांती देण्याची पद्धत मांडली.

कृत्रिम घोट्याचा आरंभ १९७० मध्ये फ्रान्समधील जी. लॉर्द व जे. एच्. मारोत यांनी केला. नितंबाच्या कृत्रिम सांध्याच्या धर्तीवर बनविलेल्या त्यांच्या सांध्याच्या २५ शस्त्रक्रियांपैकी १२ अयशस्वी ठरल्या व त्यांनी तो सोडून दिला. त्या दशकातील इतर अनेक नमुनेही हाडात सैल झाले आणि काही काळ स्थिरीकरणच श्रेयस्कर मानले गेले. धातूच्या दोन भागांमध्ये सरकणारी प्लॅस्टिकची चकती बसविलेले सांधे १९८० नंतर अमेरिकेत व डेन्मार्कमध्ये विकसित झाले व कृत्रिम सांध्याकडे पुन्हा लक्ष वळले. ब्रिटनमध्ये ५० ते ८५ वयाच्या ३०३ रुग्णांवर केलेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कृत्रिम सांधा व स्थिरीकरण या दोहोंनीही रुग्णांची चालण्याची व उभे राहण्याची क्षमता वाढल्याचे आढळले. एका वर्षानंतर दोहोंतील फरक निर्णायक नव्हता.

पर्यायांची निवड : वरील इतिहासावरून निवडीची काही सूत्रे निघतात. जागेवर असलेल्या इजेत, विशेषतः वाढत्या वयाच्या मुलांमध्ये, प्रथम विश्रांती व प्लास्टर यांचा अवलंब करतात. मोठा व अखंड तुकडा फेकून न देता तो जागेवर बसवून स्क्रूने पक्का करणे इष्ट असते. लहान खड्ड्यासाठी मज्जा-उद्दीपन पुरेसे ठरते. मोठा खड्डा, हाडातील पोकळी किंवा पहिल्या शस्त्रक्रियेचे अपयश असल्यास प्रतिरोपणाचा विचार होतो. मुरगळण्याने सैल झालेले अस्थिबंध किंवा पायाचा तिरपेपणा यांची दुरुस्ती त्याच वेळी केली नाही, तर नव्याने भरलेली जागाही पुन्हा झिजते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे भार न देणे आणि सांधा मात्र हलता ठेवणे आवश्यक असते, कारण कूर्चेचे पोषण हालचालीमुळे फिरणाऱ्या संधिद्रवावरच अवलंबून असते. हंटर यांचा १७४३ मधील निष्कर्ष अद्याप खोटा ठरलेला नाही. त्यानंतरच्या उपायांनी कूर्चेला पर्याय मिळवून दिला व पुष्कळ रुग्णांचा सांधा हलता ठेवला, पण मूळच्या कूर्चेच्या तोडीचे ऊतक खात्रीने निर्माण करणारी शस्त्रक्रिया अजून उपलब्ध झालेली नाही.